प्रॉक्सी सर्व्हरला तीन नेटवर्क कार्डे : माझा अनुभव

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका प्रशिक्षण केंद्राच्या ४० संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. इंटरनेटच्या दोन लाईन असूनही दुसरी केवळ पहिली बंद पडल्यावर, केबल हाताने बदलून वापरली जाई. शिवाय नवी बॅच सुरू झाली की सगळ्या यंत्रांवर उबुंटू या लिनक्स प्रणालीची तीच ती पॅकेजेस (सॉफ्टवेअरच्या फाइली) उतरत. म्हणून स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे यंत्रांच्या वतीने इंटरनेटवरून फाइली आणणारा आणि त्यांची प्रत साठवून ठेवणारा मध्यस्थ, बसवून त्याच सर्व्हरला तीन नेटवर्क कार्डे लावायची, एक आतल्या स्विचकडे आणि दोन बाहेरच्या रूटरांकडे, असे मी ठरवले.

कोणत्या नावाचे कार्ड मागच्या कोणत्या खाचेत आहे, हे 'इथटूल' या आज्ञेने त्या कार्डाचा दिवा लुकलुकवून शोधले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. दोन्ही रूटर मूळचे १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर होते, त्यामुळे दुसऱ्याची पत्तामालिका १९२.१६८.२ अशी बदलावी लागली. त्यानंतर स्क्विडमध्ये २० यंत्रांसाठी बाहेर जाणारा पत्ता दुसऱ्या रूटरकडच्या कार्डाचा, म्हणजे १९२.१६८.२.२, असा लिहिला आणि काम संपले असे समजलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील सहायक म्हणाले, "सर, निम्म्या पोरांचं चालतंय, निम्म्यांचं नुसतं फिरत बसतंय." त्या निम्म्यांना मिनिटभर वाट पाहून चूक झाल्याचा संदेश देणारे पान दिसत होते. मी आधी दुसऱ्या लाईनवाल्याला फोन लावला, आणि तो उगीचच लावला, कारण त्याची लाईन ठणठणीत होती.

नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे टीसीपीडंप लावल्यावर उलगडा झाला : १९२.१६८.२.२ हा पत्ता घेतलेली पाकिटे पहिल्या रूटरकडच्या कार्डातूनच बाहेर पडत होती. स्क्विड फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितो. वाट ठरवतो लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा), आणि तो बहुतेक वेळा मुख्य तक्त्यातील डीफॉल्ट गेटवेच, म्हणजे बाहेर जाण्याचे ठरलेले दारच, धरतो. पहिल्या रूटरला तो पत्ता अनोळखी असल्याने उत्तर परत येत नव्हते. दुसऱ्या रूटरला गेटवे मानणारा वेगळा राउटिंग तक्ता, क्रमांक १०२, तयार केला आणि 'आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम १९२.१६८.२.२ टेबल १०२' ही आज्ञा दिली, तेव्हा दोन्ही रूटरांचे दिवे एकदम धावू लागले. मात्र आज्ञेने दिलेला नियम सर्व्हर बंद होताच पुसला जातो, हे वीज जाऊन यूपीएसने दम सोडल्यावर कळले. आता तो नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या, फाइलमध्ये आहे.

कॅशचीही एक गंमत झाली. पॅकेजेस साध्या एचटीटीपीवरून येत असूनही मोठ्या फाइली पुन्हा पुन्हा बाहेरून उतरत होत्या, कारण स्क्विडची मूळ मर्यादा वस्तूमागे ४ एमबी आहे आणि त्याच्या संरचनेच्या फाइलीतील डिस्कवरील कॅशची ओळ मुळातच बंद असते. दोन्ही बदलल्यावर स्क्विडच्या नोंदवहीत 'टीसीपी_हिट', म्हणजे फाइल कॅशमधूनच दिली, असे दिसू लागले; अशी फाइल आतल्या कार्डावरूनच यंत्राला मिळते, बाहेरच्या लाईनींना तिचा पत्ताही लागत नाही. एचटीटीपीएसच्या पानांना हा लाभ नाही, कारण ती सांकेतिक रूपात, स्क्विडला आत पाहता न येणाऱ्या बंद बोगद्यातून आरपार जातात.

"दोन लाईनी जोडल्या, म्हणजे वेग दुप्पट की!" असे केंद्रचालक म्हणाले. त्यांना सांगावे लागले की एक जोडणी एकाच लाईनवरून जाते, त्यामुळे भार वाटला जातो, एकट्याचा वेग वाढत नाही. आणि दुसरी लाईन पडली तर तिची २० यंत्रे आपोआप पहिलीवर येत नाहीत. स्क्विडमधील त्यांच्या बाहेर जाणाऱ्या पत्त्याची नोंद मी अजून हातानेच बदलतो आणि स्क्विडला संरचना पुन्हा वाचायला लावतो.