आधी तिथी, मग तिकीट

तर शेवटी एकदाचं ठरलंय, जानेवारीत मुंबई. आई, बाबा, मी आणि दादाचा नऊ वर्षांचा पोरगा. हसू नका, पण आमच्या घरात मुंबई नीट पाहिलेला एकही माणूस नाही. मी एकदा परीक्षेला गेले होते, सकाळी सीएसएमटीला उतरले, सेंटरवर पेपर दिला आणि रात्रीच्या गाडीनं परत अकोला. समुद्र दिसलाच नाही, दिसल्या त्या फक्त बिल्डिंगा आणि एका स्टेशनवर मला ढकलून पुढे गेलेल्या बायका. आईची सख्खी बहीण डोंबिवलीला राहते, पंचवीस वर्षं झाली, पण दर मे महिन्यात मावशीच इकडे येते. आईचं जाणं कधी आजीच्या आजारपणात, कधी आमच्या दहावी-बारावीत, आणि नंतर तर सवयीनंच राहून गेलं.

मी आपली हौसेनं एक्सेल शीट बनवली. तेवीस ठिकाणं. गेटवे, एलिफंटा, म्युझियम, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीबाग, सी लिंक, बाणगंगा, सगळं. रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. आई भाकर थापता थापता म्हणे, "मले समुद्र पाहाचा हाये. भरलेला. बाकी तुले जिथं न्याचं तिथं ने."

भरलेला म्हणजे काय गं? तर आमच्या गल्लीतल्या एक काकू आहेत, त्या सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, अगदी न चुकता. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती अशीच, अभिवादनाला गेले तेव्हा. तर काकू पहिल्यांदा गेल्या तेव्हा रांगेतून दर्शन झाल्यावर मागच्या चौपाटीवर गेल्या आणि परत येऊन आईला सांगितलं, "कायचा समुद्र वं माय, पाणी पार तिकडं लांब, इकडं नुसता गाळ." तेव्हापासून आईच्या डोक्यात बसलंय की समुद्र कधी असतो आणि कधी नसतो.

आणि आईला खाऱ्या पाण्याचं कौतुक अजिबात नाही हेही सांगायला हवं. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना असा पट्टा आहे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. विहीर खणा, बोअर मारा, येणार खारंच. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, डाळ धड शिजत नाही, चहाचं तर बोलूच नका. नंतर ८४ खेडी योजनेचं नळाचं गोड पाणी आलं पण आईचं लहानपण सगळं त्या विहिरीवर गेलं. त्यामुळे ती म्हणते, "खारं पाणी जन्मभर पेलो, आता एकदा थे कुठून येते तं पाहू दे." (तिथून येत नाही आई, पण असू दे.)

मग मी भरती-ओहोटी शोधायला बसले आणि माझी तेवीस ठिकाणांची शीट तिथंच मेली.

म्हणजे भरती दिवसातून दोनदा येते एवढं शाळेत शिकलेलो असतो आपण, पण ती रोज साधारण पाऊण तास उशिरा सरकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं संध्याकाळी समुद्र भरतो, सिनेमात तसंच दिसतं ना. आमच्या ऑफिसात एक सर आहेत रत्नागिरीकडचे, त्यांनी एका मिनिटात सोडवलं. म्हणाले, तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. सकाळीही तेवढ्यालाच आणि रात्रीही साधारण तेवढ्यालाच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ हवी तर भरतीचं टाइमटेबल बघायचं, पण अंदाज चुकत नाही म्हणे, कोकणात लोक असंच मोजतात.

हे आईला सांगितलं तर ती लगेच उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आली. चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा हे तर तिचं घरचं खातं. दहा मिनिटांत तिनं पूर्ण जानेवारीच्या भरत्या पेन्सिलनं लिहून टाकल्या, मी अजून मोबाईलवर वेबसाईट उघडत होते.

आता खरी गंमत. मला वाटलं होतं की पौर्णिमेला जाऊ, तेव्हा उधाण असतं, भरती सगळ्यात मोठी, मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त बघू आणि मागून चंद्र वर येईल. पण हिशेब करा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे मुंबईत उधाणाची भरती भर दुपारच्या आसपास आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. आणि मग संध्याकाळी सहाला काय असणार? ओहोटी! ती पण उधाणाचीच, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त मागे गेलेलं. बिचाऱ्या काकूंचं असंच काहीतरी झालं असणार. थोडक्यात मुंबईत सूर्यास्त आणि उधाण एकत्र मिळतच नाही, दोन्हीपैकी एक काहीतरी निवडा. सूर्यास्ताला भरती हवी तर सप्तमी-अष्टमीच्या आसपास जावं लागतं आणि तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे लहान. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं, भांगाला तीन-साडेतीनपर्यंत. पण भांगाला ओहोटीही फार मागे जात नाही, हा एक फायदा.

आईला दोन्ही पर्याय नीट समजावून सांगितले. दुपारी बाराला मोठा समुद्र की संध्याकाळी सहाला शांत भरलेला. आई म्हणे, "दुपारचं ऊन तं अकोल्यातबी हाये." झालं, ठरलं. पौष वद्य सप्तमी-अष्टमी. शिवाय संक्रांतीच्या आत परत, नाहीतर तीळ कोण भाजणार.

तिथी मिळाली तर वार आडवे आले. एलिफंटा सोमवारी बंद. राणीबाग बुधवारी बंद (बुधवारी सुट्टी असेल तर त्या दिवशी चालू आणि दुसऱ्या दिवशी बंद, असं पण आहे). सिद्धिविनायकला मंगळवारी आम्ही जाणार नाही कारण बाबांचे गुडघे मंगळवारची रांग सहन करणार नाहीत. रविवारी लोकलला गर्दी कमी पण मेगाब्लॉक. बरं झालं आमची सप्तमी शुक्रवारी आली, शुक्र-शनि-रवि. आपोआप बसलं.

तिकिटाचं सांगते. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस, रात्री अकोल्यात बसायचं, सकाळी सीएसएमटी. रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं, मला माहीतच नव्हतं, मी चार महिने आधीपासून बघत बसले होते आणि ॲप सारखं नाहीच म्हणत होतं. सकाळी बरोबर आठला बसले. लोअर बर्थचा कोटा बायकांना पंचेचाळीसच्या पुढे आणि पुरुषांना साठच्या पुढे मिळतो, तो टाकला, दोघांनाही खालचे मिळाले. ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे ती बंदच, बाबांनी त्यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं.

राहायचं कुठं यावर घरात दोन दिवस अबोला होता. आईचं म्हणणं सख्ख्या बहिणीचं घर असताना लॉजवर पैसे कायले घालाचे. तिचं बरोबरच आहे, मावशीला वाईट वाटणार. पण डोंबिवलीहून रोज सकाळी सीएसएमटीकडे जायचं म्हणजे काय ते मावशीच्याच मुलानं मला फोनवर सांगितलं. "ताई, आम्हाला सवय आहे तरी आमचा जीव जातो, तू काका-काकूंना साडेआठच्या फास्टला चढवणार आहेस का?" सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे, संध्याकाळी सगळी परत, आणि आम्हाला नेमकं तसंच जायचं यायचं असणार. मग तोडगा काढला, शुक्रवार-शनिवार दोन रात्री दादरला लॉज, रविवारी बॅगा घेऊन मावशीकडे जेवायला. आणि परतीची रात्रीची गाडी कल्याणला थांबते, डोंबिवलीच्या शेजारीच, म्हणून बोर्डिंग तिथूनच घेतलं. रविवारी ब्लॉक सुरू व्हायच्या आत, सकाळीच निघायचं. मावशीला हे मी सांगितलं नाही, आईनं सांगितलं, आणि काय सांगितलं मला विचारू नका.

आता दिवसांचं. पहिला समुद्र कुठं दाखवायचा यावर मी खूप डोकं लावलंय. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे हे तुम्हाला माहीत होतं का? सूर्यास्त तिथून दिसतच नाही, पण सूर्योदय दिसतो. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. गाडी वेळेवर आली, क्लोकरूममध्ये बॅगा पटकन टाकल्या आणि टॅक्सी मिळाली तर सीएसएमटीहून दोन-अडीच किलोमीटर तर आहे. सप्तमीची पहाटेची भरती सव्वापाचच्या आसपासची, म्हणजे सातलाही पाणी बऱ्यापैकी वर असेल. यात तीन 'जर' आहेत आणि पहिला रेल्वेच्या हातात आहे, पण करून बघू. नाही जमलं तर संध्याकाळी पाचला मरीन ड्राइव्ह आहेच, तिथं तर कठड्यापर्यंत पाणी, गाळाचा प्रश्नच नाही. फक्त भाच्याला आत्तापासून बजावलंय की खालच्या त्या तिकोनी दगडांवर उतरायचं नाही.

रिक्षा म्हणाल तर बांद्रा-सायनच्या खाली दक्षिणेला रिक्षा येतच नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. हे बाबांना पटतच नाहीये. "एवढं मोठं शहर अन् ऑटो नाई?" पण आता भुयारी मेट्रो झालीये, आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, सत्तावीस स्टेशनं, आणि त्यात सीएसएमटी, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर हे सगळं एकाच लाईनवर आहे. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. खरं सांगू का, ही मेट्रो नसती तर गुडघ्यांसकट हा प्लॅन मी केलाच नसता. लोकलमध्ये एकदा बसवणार, दुपारी, रिकाम्या वेळेला, कारण मुंबईत जाऊन लोकलमध्ये बसले नाहीत तर गल्लीत काय सांगतील.

भाच्याला दोनच गोष्टी हव्यात, पेंग्विन आणि डबलडेकर बस. डबलडेकर आता इलेक्ट्रिक, एसीवाल्या आहेत, जुन्या २०२३ मध्ये बंद झाल्या. पेंग्विन शनिवारी सकाळी राणीबागेत. त्याला वाटतं ते बर्फात असतील, ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, बर्फातले नाहीतच, पण ते तिथंच कळू दे त्याला. मग दुपारी हाजीअली, कारण तिथला रस्ता भरतीत पाण्याखाली जातो आणि आपल्याकडे अष्टमी म्हणजे बाराला ओहोटी, बघा कसं जुळलंय! संध्याकाळी सहाला गिरगाव चौपाटी, परत भरती.

एलिफंटा काढून टाकलं. मला फार बघायचं होतं, ती मोठी मूर्ती मी इतिहासाच्या पुस्तकात पाहिल्यापासून मनात आहे. पण बोटीनं तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि २०२४ च्या डिसेंबरमधला तो बोटीचा अपघात आईनं टीव्हीवर पाहिलाय. तिला समुद्र पाहायचाय, समुद्रात जायचं नाहीये. ते वेगळं आहे हे मला उशिरा कळलं. मी एकटी जाईन पुढे कधीतरी, सोमवार सोडून.

खाण्याचं फार ठरवलं नाही. दादरला प्रकाशचं पियूष आणि साबुदाणा वडा, मामा काणेंकडचा बटाटेवडा (१९१० पासूनचं हॉटेल आहे, बाबांच्या वडिलांपेक्षा जुनं). वडापाव तर चालता चालता होईलच. बाबांनी झुणका-भाकर कुठं मिळते विचारलंय, मी ऐकलंच नाही असं केलं.

तर शीटमध्ये आता तेवीसची सात राहिलीत. एक अडलंय ते म्हणजे दादर पश्चिमेला लिफ्ट असलेलं, फार महाग नसलेलं लॉज, चौघांना एकच खोली. फोटोत सगळेच चांगले दिसतात. कोणी राहिलं असेल तर सांगा, पहिल्या मजल्यावरचं असेल तरी चालेल.

आईची तयारी मात्र पूर्ण झालीये. काल बघितलं तर बॅगेशेजारी पाच लिटरची कॅन ठेवलेली, अकोल्याचं पाणी भरून न्यायला. म्हटलं आई, मुंबईत पाणी मिळतं गं प्यायला. तर म्हणे, "समुद्राच्या काठचं पाणी. मले नको सांगू."