गोदाकाठच्या वाड्याचा जीर्णोद्धार : माझा अनुभव

नाशिकच्या भांडीबाजाराजवळील आमच्या वडिलोपार्जित वाड्याला पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस येई, डागडुजीचा विषय निघे आणि सामाईक मालकीत अडून पडे. वाडा न पाडता दुरुस्त करून तेथे परिसरातील मुलांसाठी अभ्यासिका काढायचे ठरले, तेव्हा सर्वाधिक वेळ मालमत्ता पत्रकावर वारसांची नावे लावण्यात आणि परगावच्या चुलत भावंडांची संमतिपत्रे मिळवण्यात गेला. स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) व दुरुस्तीची परवानगी त्यामानाने सरळ पार पडली. भाऊबंदकीपेक्षा सरकारी कचेरी परवडली.

तळमजल्यावर ओल थांबावी म्हणून पूर्वी कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटमागे ती कोंडते, क्षार विटेतच साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. छिन्नीने गिलावा काढला, तेव्हा आतल्या विटा नखाने उकरता येत होत्या. चुन्याचे काम जाणणाऱ्या वृद्ध गवंड्याने कळीचा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवला, मग वाळू व सुरखी (विटांची पूड) मिसळून तो चुना मळण्याच्या दगडी चाकाच्या घाणीत मळला आणि त्यात गूळ व हिरड्याचे पाणी घातले. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होत असल्याने प्रत्येक थरानंतर थांबावेच लागते, आणि ठेकेदाराला नेमके तेच जड जाते. सागवानी खांब तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीपाशी, कुजले होते. तेवढाच भाग कापून जुन्या सागाचे तुकडे सांध्याने बसवले.

वाड्याचा वापर मात्र गोदावरीने ठरवला. 1969, 2008, 2016 आणि 2019 चे पूर या भागाने पाहिले आहेत. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून आजही पेठेत माल हलवण्याचा निर्णय होतो. त्यामुळे अभ्यासिका माडीवर नेली. तळमजल्यावर दगडी फरशी ठेवली, विजेची बटणे डोक्याच्या उंचीवर घेतली आणि बचत गटांच्या बैठका व घरगुती समारंभांसाठी ती जागा मोकळी सोडली. अभ्यासिकेच्या शुल्कातून वीजबिल व राखणदाराचा पगार भागतो, तर खालच्या भाड्यातून दरवर्षी कौले चाळणे व चुन्याची सफेदी होते. जुलै ते सप्टेंबरसाठी तळमजल्याची आगाऊ नोंदणी आम्ही घेत नाही.