स्कोअरशीटवरच्या चार मोकळ्या चौकटी

मी शाळेत गणित शिकवतो, क्रीडाशिक्षक नाही. कॉलेजात बास्केटबॉल खेळलोय, म्हणजे खरं तर बेंचवर बसलोय, पण तेवढ्या भांडवलावर आमच्या सिंधुदुर्गात जिल्हा स्पर्धा आल्या की स्कोअररच्या टेबलावर माझी ड्युटी ठरलेली. इथे पोरं कबड्डी खेळतात, क्रिकेट तर काय समुद्रावर ओहोटी लागली की सुरूच, बास्केटबॉलच्या टीम मोजून चार-पाच. त्यामुळे स्कोअरशीट भरता येणारा माणूस हापूसपेक्षा दुर्मिळ.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, १७ वर्षांखालील मुलींची फायनल. जिंकणारी टीम कोल्हापूर विभागाला जाणार. परतीचा पाऊस चालू होता, म्हणजे सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी अचानक काळं करून यायचं. सिमेंटचं उघडं कोर्ट, कडेला जांभ्याचा गडगा. आदल्या दिवशी ब्लिचिंग टाकून शेवाळ घासलेलं, आणि दोन शिपाई हातात वायपर आणि गोणपाट घेऊन तयारच बसलेले, सर पडली की पुसा, सर पडली की पुसा.

निळी टीम किनाऱ्याकडची, पिवळी आतल्या बाजूची. मला नावं लक्षात राहत नाहीत, टेबलावरून मुली म्हणजे नंबरच असतात, म्हणून नंबरच सांगतो. पिवळ्यांकडे पुरत्या बारा जणी, दोन तर पार उंच. निळ्यांच्या आल्या सात. शीटवर बारा नावं, पण एकीकडे भातकापणी, एकीला ताप, बाकीच्या कुठे ते मॅडमनाही सांगता येईना. मॅडम मूळच्या हिंदीच्या, खेळाचा चार्ज गळ्यात पडलेला, त्या मला येऊन हळूच म्हणाल्या, सर, सात चालतात ना हो? म्हटलं, सुरुवातीला पाच पाहिजेत, सात म्हणजे चैन आहे.

सकाळच्या मॅच कमी वेळाच्या उरकल्या होत्या पण फायनल पूर्ण, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. दुसऱ्या क्वार्टरला निळ्यांची १४ नंबर ओल्यावर घसरली, घोटा सुजला. सहा उरल्या. तिसऱ्यात ९ नंबरचे पाच फाऊल झाले, म्हणजे ती खेळातून बाहेर. पाच उरल्या. म्हणजे आता बेंचवर फक्त मॅडम आणि पाण्याच्या बाटल्या. फाऊल इतके का व्हायला लागले तर उंच मुलींना खाली अडवायला ह्या पोरी हात घालत होत्या आणि कोल्हापूरहून आलेले रेफरी कडक, हात लागला की शिट्टी.

आता माझ्या चुकीचं सांगतो. शीट भरायची पद्धत अशी की पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा आणि चौथा निळ्या नाहीतर काळ्याने. मी लाल जेल पेन घेऊन गेलो होतो, बॉलपेन घरी टीव्हीवर राहिलं. तिसऱ्या क्वार्टरला सर आली, छत्री धरणारा पोरगा मॅच बघण्यात गुंग, आणि टपोरा थेंब बरोब्बर १० आणि ११ नंबरच्या ओळींवर. फाऊलची एक लाल खूण पसरून दोन्ही चौकटींत गेली. मी टिपकागदासारखा रुमाल दाबला आणि अजून वाढवलं. मनात म्हटलं बघू नंतर.

नंतर म्हणजे चौथ्या क्वार्टरला सहा मिनिटं राहिलेली असताना. ११ नंबरवर शिट्टी. मी लिहायला गेलो आणि पोटात गोळाच आला, कारण हा नवा फाऊल धरून, त्या धब्ब्याशिवाय दोघींचे चार-चार होते. धब्बा जिचा ती बाहेर. आणि १० म्हणजे त्यांची बॉल घेऊन जाणारी, ती गेली की टीमच गेली. मी पाचची पाटी वर करायची रेफरींनी वाट बघितली, मी काही करेना, ते टेबलाशी आले, मी शीट दाखवलं. त्यांनी काही न बोलता वरचा कागद उचलला, कार्बन बाजूला केला आणि खालची कॉपी बघितली. कोरडी, स्वच्छ. खूण ११ च्या चौकटीत. "सर, खाली पण बघत जा की," इतकंच म्हणाले. ११ नंबर बाहेर गेली, टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. चार राहिल्या. तेव्हापासून माझ्या दप्तरात दोन रंगांचे दोन-दोन बॉलपेन असतात, बायको हसते.

तरी निळ्या पुढे होत्या बरं का. तीन मिनिटं बारा सेकंद असताना ३७-३३. आणि तेव्हाच ५ नंबरचा पाचवा. ती रडली बिडली नाही, माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "पाच झाले?" म्हटलं झाले.

आता राहिल्या ४, ७ आणि १०. तिघी.

पिवळ्यांचे सर ताडकन टेबलावर. पाच विरुद्ध तीन ही काय मॅच आहे का, आम्हाला विजयी घोषित करा. इकडून मॅडम पण आल्या, त्यांचा चेहरा असा की घोषित केलं तर सुटलो. रेफरींना नियम पाठच होता पण ते म्हणाले पुस्तक काढा आणि मोठ्याने वाचा, म्हणजे माझं कोणी ऐकत नाही ते तुमचं ऐकतील. प्लास्टिकच्या पिशवीतून नियमपुस्तक काढलं आणि वाचलं. मॅच सुरू करायला पाच लागतात, पण चालू मॅचमध्ये खेळायला तयार खेळाडू दोनपेक्षा कमी झाले तरच टीम हरते. म्हणजे दोन असतील तरी चालतं. एकटी उरली तर मात्र संपलं, आणि समोरची टीम मागे असली तर निकाल २-० असा लिहायचा. ३७ पॉइंट पुसून शून्य. पिवळ्यांचे सर म्हणाले, बास्केटबॉल पाच जणांचाच असतो हो! मला सांगावंसं वाटलं की १८९१ ला अमेरिकेत नेस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला तेव्हा पहिली मॅच नऊ विरुद्ध नऊ झाली होती, कारण वर्गात पोरं अठरा होती. पण ती वेळ नव्हती, आणि मला माझा धब्बा झाकायचा होता.

मी शीटकडे बघितलं. ४ नंबरचे चार फाऊल, १० चे चार, ७ चे तीन. तिघींच्या मिळून मोकळ्या चौकटी चार. दोघी गेल्या की खेळ खल्लास.

फाऊलचे दोन फ्री थ्रो, एक आत, ३७-३४. आणि मग जे झालं ते मी एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. मला वाटलं पिवळ्या आता धुऊन काढतील. तर त्याच गोंधळल्या! पाच जणी, समोर तीन, कोणी कोणाला धरायचं हेच कळेना, दोघी-दोघी एकाच जागी. आणि ह्या तिघी डीमध्ये, म्हणजे रिंगपुढच्या आखलेल्या जागेत, त्रिकोण करून उभ्या, हात वर, पाय हलते, बॉल जिकडे जाईल तिकडे आख्खा त्रिकोण सरकायचा, जाळं ओढताना रापणीला माणसं सरकतात ना तसा. बाहेरून मारायचं तेवढं मारा म्हणून सोडून दिलेलं. आणि शाळेच्या मुलींना ओल्या बॉलने लांबून रिंग सापडते कुठे.

सगळ्यात नवल म्हणजे तिघींतली एकही घाबरलेली दिसेना. उलट मगाशी पाच असताना जास्त आरडाओरडा होता. आता ४ नंबर नुसतं "हय", "सोड" एवढंच बोलत होती. १० वर दोघी धावून आल्या की ती बॉल सोडून लगेच स्वतः पळायची. बॉल परत तिच्याच हातात.

पिवळ्यांनी दोन केले, ३७-३६. मग १० नंबरने मागे न बघता पास टाकला, ७ नंबर रिंगखाली आलीच होती, लेअप. ३९-३६. ह्यावर माझा शेजारी टायमर उठून टाळ्या वाजवायला लागला, त्याला खाली बसवलं, टेबलाने टाळ्या वाजवायच्या नसतात. पिवळ्यांच्या उंच मुलीने खालून टाकला, ३९-३८. अडतीस सेकंद राहिले होते.

आमच्याकडे शॉट घ्यायच्या मुदतीचं २४ सेकंदांचं घड्याळ कुठलं, एक पोरगा स्टॉपवॉच घेऊन ओरडायचा. तिघींनी बॉल फिरवला, फिरवला, पाच पिवळ्या मागे, "पाच, चार, तीन" ओरडा झाला तेव्हा ४ नंबरने टाकला. रिंगला लागून बाहेर. पिवळ्या सुटल्या. मी हातात पेन धरून बसलो होतो, निळं, आणि शीटकडे बघतच नव्हतो. उंच मुलीने शॉट घेतला, ४ नंबर तिच्यासमोर हात सरळ वर करून खांबासारखी उभी, एक इंचही खाली आणले नाहीत. बोर्डला लागून बॉल परत, दोन-तीन हात, आणि त्यातून ७ नंबरने तो ओढला आणि फणस कवटाळावा तसा पोटाशी धरून उकिडवी बसली. शाळेची घंटा झाली. हो, आमचा बझर म्हणजे शाळेचीच घंटा, शिपायाने ती जरा जास्तच वाजवली.

मी शीट पूर्ण करत होतो. ४ नंबर आली तेव्हा मी विचारलं, बाय, तुम्ही घाबरला कशा नाहीत? म्हणाली, "सर, आमच्याकडे एकच बोर्ड आसा. दुसरो तौक्तेत पडलो, तो अजून तसोच. रोज अर्ध्या कोर्टावर तीन-तीनच खेळतंव." मी गप्पच. २०२१ च्या मे महिन्यात वादळ येऊन गेलं, बोर्ड कोणी उभा केला नाही, आणि ह्या पोरी नकळत थ्री बाय थ्री शिकून बसल्या. त्याच साली टोकियो ऑलिंपिकमध्ये तो खेळ पहिल्यांदा आला म्हटलं, तर तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली हे मात्र तिला माहीत होतं, तिची उंची किती ते मलाच विचारत होती.

मॅडम तोवर एसटी चुकेल म्हणून सगळ्यांना हाकलत होत्या. १४ नंबरला दोघींनी उचलून घेतलेलं. ५ नंबर तेवढ्यात मागे फिरली, टेबलाशी येऊन शीटवरच्या आपल्या पाच खुणांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, विभागाक हे पाच धरतले नाय ना? थय परत पयल्यापासून?"

म्हटलं, पहिल्यापासून.

"मगे बरां," म्हणाली आणि गाडी धरायला पळाली.