तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार कितीपर्यंतची घ्यावी?

लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट हातात देताना लोकांचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे जातं. चारही बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. भाजलंय का, केमिकलनं झालंय का, असं विचारतात. गिटारमुळे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आमच्या पोरालाही हवीय हो. कितीपर्यंतची घ्यावी? सुरुवातीला स्वस्तातली चालेल ना? नाही आवडली तर नुसती पडून राहायची." मे महिन्यात आणि गणपतीनंतर हे जास्त होतं. मागच्या आठवड्यात तर शुगर तपासायला आलेल्या एका काकांनी विचारलं, तेही स्वतःसाठी. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

चालेल. तीन-चार हजारांची गिटार शिकायला पुरते. फक्त जे काही बजेट असेल त्यातले पाचशे रुपये दुकानात द्यायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. ते कशासाठी, हे कळायला मला चौदा महिने लागले.

मी छत्तिसाव्या वर्षी सुरुवात केली. मिरजेत नर्सिंग शिकायला बाहेरून खूप मुली येतात. त्यातली एक नाताळच्या आधी हॉस्टेलच्या पायरीवर बसून वाजवायची आणि मी नाइट ड्यूटीला जाताना पाच मिनिटं उगाच रेंगाळायचे. पुढच्या जूनमध्ये २३०० रुपयांची गिटार घेऊन आले. लाल-काळी, चकचकीत, सोबत पातळ बॅग आणि एक पिक, म्हणजे तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा, फुकट. दुकानदार म्हणाला, "सुरुवातीला सगळे हीच नेतात." खरंच नेत असतील. त्यातल्या किती जणांच्या माळ्यावर आहेत, ते त्यानं सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सी कॉर्डनं मला रडवलं. कॉर्ड म्हणजे ठरलेल्या तारा दाबून एकदम वाजवायचे काही स्वर. तीन बोटं, तीन तारा, पुस्तकात चित्र अगदी सोपं. दाबलं की एक तार वाजायची, दुसरी थप्प व्हायची, तिसरी झिणझिणायची. अजून जोरात दाबायचं म्हणून अंगठ्याच्या मुळापर्यंत कळ यायची. दिवसभर लोकांच्या बोटांना सुई टोचणारी बाई रात्री स्वतःची बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून बसली होती. नवऱ्यानं त्याचा फोटो काढून ठेवलाय. क्लास लावला, तिथे सरांनी सांगितलं की बोटं तयार व्हायला वेळ लागतो, रोज दोन तास बसा. तीन आठवडे बसले. मग माझ्या वयाला, माझ्या आखूड बोटांना आणि एकूण नशिबाला दोष देऊन गिटार माळ्यावर टाकली. गणपतीच्या मखराशेजारी.

दुसऱ्या वर्षी मखर काढताना तीही खाली आली. आता, मिरजेत राहून वाद्य माळ्यावर टाकायचं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला न जाण्यासारखं आहे. आमच्या इथे सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे. मुळात ही घराणी शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची; तिथून ती वाद्यांकडे वळली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे सगळं अभिमानानं पाहुण्यांना सांगायचं असतं, स्वतःची गिटार घेऊन तिथे जायचं असतं हे काही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी भाच्याला द्यायची म्हणून एक तुटलेली तार बसवून घ्यायला गेले, एवढंच.

एका दुकानाच्या पायरीवर भोपळा मांडीत धरून चाचा बसले होते. "गिटारचं काम मी करत नाही बाई," म्हणाले, आणि म्हणता म्हणता हात पुढे केला. पोटावर बोटानं ठोकलं. "प्लाय हाय. असू दे." मग गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर आडवी धरून खुंट्यांच्या बाजूनं खाली नजर टाकली. बराच वेळ. नंतर हसले.

"ही वाजवत होता तुम्ही? पडद्यावर तार कुठाय? तार आभाळात हाय."

पडदे म्हणजे गळ्यावरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या. इंग्रजीत फ्रेट. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे गळ्यात ठोकलेले. चाचांनी एक पडदा सरकवायचा प्रयत्न करून बघितला. "सरकत नाहीत? मग करणाऱ्याचं चुकलं तर?" मी म्हटलं, मग जन्मभर चुकीचंच वाजणार. त्यांना ते फार वाईट वाटलं.

मग त्यांनी तारा ढिल्या केल्या आणि घोडीतली, म्हणजे पोटावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यातली, पांढरी प्लास्टिकची पट्टी उपसून काढली. ही पट्टी खाचेत नुसती बसवलेली असते, हे मला तेव्हा कळलं. तिच्या बुडापासून दोन मिलिमीटर वर पेन्सिलीनं रेघ मारली. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरला आणि पट्टी उभी धरून घासायला लागले, दर दहा-बारा घाशांनंतर उजेडात धरून रेघ बघत. गळ्याच्या वरच्या टोकाला जी दुसरी पट्टी असते, तिच्या खाचा बारीक कानशीनं किंचित खोल केल्या. तारा चढवल्या, छेडल्या, कान लावला. एक तार जराशी झिणझिणली.

"जवारी राहिली तर चालेल का थोडी?"

"नको, चाचा."

"आम्ही जवारी आणायला दोन-दोन दिवस घालवतो, आणि तुम्हाला आयती मिळतीय तर नको." तंबोऱ्यात ती झिणझिण म्हणजेच जीव, तार घोडीच्या रुंद पाठीवर हलकेच घासत राहावी म्हणून सगळी कारागिरी. गिटारमध्ये तोच दोष. बिचाऱ्यांनी आयुष्यभराच्या सवयीविरुद्ध जाऊन ती घालवली. दीडशे रुपये घेतले. तेही चहा झाल्यावर, मी दोनदा म्हटल्यावर.

घरी येऊन सी धरला. सीमध्ये वाजवायच्या पाचही तारा वाजल्या. मी पुन्हा धरला, पुन्हा वाजल्या. भाच्याला फोन करून सांगितलं की गिटार मिळणार नाही.

म्हणून हे पाचशे रुपये, कारागिराकडून तारा अशा खाली आणून घेण्यासाठी. तार आणि पडदा यांच्यातल्या अंतराला गिटारवाले ॲक्शन म्हणतात, आणि स्वस्त गिटार कारखान्यातून निघताना बहुधा ही ॲक्शन उंच ठेवूनच निघते. उंच तार झिणझिणत नाही, त्यामुळे दुकानात तक्रार येत नाही. दाबणाऱ्याच्या बोटाचं काय व्हायचं ते घरी होतं. मोजायला कंपासपेटीतली स्टीलची पट्टी पुरते. टोकापासून शून्य सुरू होणारी घ्या, प्लास्टिकच्या पट्टीला कडेला मोकळी जागा असते. खुंट्यांकडून मोजून बाराव्या पडद्यावर पट्टी उभी टेकवा आणि सर्वांत जाड तारेच्या बुडाखाली किती अंतर आहे ते बघा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान, तीनपर्यंत चालवून घ्या. माझ्या गिटारवर जवळजवळ चार होतं. बारीक तारेखाली दोनच्या आसपास हवं. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे तार एक मिलिमीटर खाली यायला हवी असेल तर घोडीतल्या पट्टीतून दोन मिलिमीटर काढावे लागतात. चाचांनी हे गणित कधी कागदावर मांडलं नसेल, रेघ मात्र बरोबर मारली होती.

मधोमध असण्याचा आणखी एक उपयोग आहे. बाराव्या पडद्याच्या नेमक्या वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा आणि लगेच उचला, घंटेसारखा आवाज येतो. मग तीच तार तिथे दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर थोडा चढा आला तर ॲक्शन उतरवल्यावर सुधारतो. फारच फरक असेल तर ती गिटार दुकानात ठेवून या. सरकवायला पडदे नाहीत.

आता किंमत. दोन हजारांच्या आतली शक्यतो नको. तिच्या खुंट्याच स्वर धरत नाहीत, आणि पाच मिनिटांत उतरणाऱ्या वाद्यावर कान कसा तयार होणार? यामाहाच्या एफ ३१० चं नाव सगळे घेतात, चांगलीच आहे, पण ती दहा हजारांच्या घरात जाते आणि पहिल्या वर्षी तिच्यावाचून काही अडत नाही. मधल्या किमतीत आपल्याकडे भरपूर माल आहे. जुनी मिळाली तर फारच उत्तम, कारण निम्म्या लोकांनी ती माझ्यासारखीच माळ्यावर टाकलेली असते. फक्त सांगली-मिरजेकडची जुनी घेताना एक बघा: घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर सरस सुटलाय. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे अशा वस्तू स्वस्तात फिरत होत्या, वरून पॉलिश केलेल्या.

तारा बारीक मागा, दुकानात 'दहाचा सेट' म्हणतात, कारण त्यातली पहिली तार ०.०१० इंचाची असते. तीन-चारशेत येतो. बाराच्या सेटची एकूण ओढ सत्तर किलोच्या वर जाते, दहाची साठेक किलो. नवख्या बोटांना तेवढा फरक पुष्कळ आहे. नायलॉनच्या तारांची गिटार वेगळी असते, बोटांना मऊ, गळा रुंद. ती घेतलीत तर तिच्यावर हौसेनं स्टीलच्या तारा चढवू नका, घोडी उखडते.

ट्यूनर विकत घ्यायची गरज नाही, फोनवर फुकट मिळतो. पण माझा पहिला ट्यूनर म्हणजे सासूबाईंच्या भजनी मंडळाची पेटी. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे पेटीच्या भाषेत सांगायच्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि परत पांढरी तीन. सगळ्या पांढऱ्या! एवढं सोपं असून ई-ए-डी-जी-बी-ई असं घोकत बसले होते मी. पेटीचा भाता हलवायला सासूबाईच बसायच्या आणि तार स्वराला लागली की माझ्याआधी त्यांची मान हलायची. असा ट्यूनर बाजारात मिळत नाही.

क्लास लावायचा की नाही, यावर मला फारसं काही म्हणायचं नाही. परवडत असेल तर पहिले दोन महिने लावा, हात कसा धरायचा ते कुणीतरी समोर बसून बघितलेलं बरं. नाहीतर जस्टिन सँडरको नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत, पहिल्या दिवसापासून क्रमानं. इंग्रजी साधं आहे. मी त्यातलीच एक सवय उचलली: मिनिटाचा टायमर लावायचा आणि दोन कॉर्ड आलटून पालटून धरत किती वेळा बदलता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी ई मायनरवरून सीवर मी नऊ वेळा गेले. महिन्यानं अडतीस. लॅबच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर हिमोग्लोबिनसारखे आकडे लिहून ठेवलेत. दोन तास वगैरे बसू नका, वीस मिनिटं पुरे. आणि एफ कॉर्ड पहिले तीन महिने आलाच नाही तर वाटेत भेटला नाही असं समजा.

एका गोष्टीवर मात्र पैसे घालवा म्हणते, कॅपोवर. दोनशे रुपयांचा चिमटा, गळ्यावर लावला की सगळ्या तारा एकदम चढतात. तोही नको असेल तर पेन्सिल आडवी ठेवून दोन्ही टोकांना जाड रबरबँड ताणून बांधा, माझं सहा महिने त्यावरच चाललं. उपयोग काय, तर जी, सी, डी हे सोपे कॉर्ड तेच ठेवून गाणाऱ्याच्या पट्टीत जाता येतं. सासूबाई काळी चारमध्ये गातात. पहिल्या पडद्यावर पेन्सिल बांधली की माझा जी बरोबर काळी चार होतो. त्यांच्या मैत्रिणीला काळी पाच लागते, तिच्यासाठी तिसऱ्या पडद्यावर. एकादशीला मंडळात आता पेटीशेजारी माझी लाल-काळी गिटार असते. टाळांपुढे ती कुणाला ऐकू येत नाही, पण सुरुवातीला सासूबाई पेटी सोडून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "पेन्सिल लावलीस का गं?"

स्टँड, पट्टा, शेल्फावर मांडायची पुस्तकं, पाच रंगांचे पिक, काही लागत नाही. गिटार फक्त माळ्यावर किंवा बॅगेत ठेवू नका, खोलीत समोर ठेवा. आमच्याकडे ती कोपऱ्यात भिंतीला टेकून असते, उन्हापासून लांब. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि ॲक्शन पुन्हा थोडी चढते. सहा महिन्यांतून एकदा पट्टी लावून बघते. चाचा आता ओळखतात. परवा पट्टी घासता घासता विचारत होते, हिचे पडदे उपटून दोऱ्यानं बांधले तर?

शुगरवाल्या काकांना मी सांगितलंय: दुकानात जाल तेव्हा मला बोलवा. शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते आणि स्टीलची पट्टी पर्समध्येच असते.