काटा हलत होता

पाण्याखाली स्कुबा डायव्हरने श्वास घेतला की काटा 160 बारवरून 70 वर, सोडला की पुन्हा 160. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा असा झोके घ्यायला लागला की बाकी सगळं जिथल्या तिथे थांबवायचं. टाकीत हवा भरपूर आहे, पण व्हॉल्व्ह जेमतेम उघडा आहे, असाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

अंदमानातल्या हॅवलॉकच्या जेट्टीजवळच्या ‘वॉल’ या डाइव्हच्या जागी, 18 मीटर खोलीवर हे घडलं. पाणी 28 अंश, प्रवाह नाही. पुण्याचे एक काका, वीस-पंचवीस डाइव्ह झालेले. त्यांनी पंजा आडवा हलवून ‘बिनसलंय’ अशी खूण केली, मग छातीकडे बोट दाखवलं. अशा वेळी अनेक गाइड ‘सावकाश श्वास घ्या’ एवढं खुणावून पुढे निघतात. ही फार वाईट खोड आहे. श्वास जड लागतोय म्हणणाऱ्याचं गेज, तो श्वास घेत असतानाच, बघायला हवं. दोन श्वासांच्या मध्ये बघितलं तर काटा जागेवर आलेला असतो आणि सगळं ठीकच दिसतं.

18 मीटरवर दाब पाण्यावरच्या 2.8 पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला टाकीतून हवाही तितक्याच पट जास्त लागते. पाव फेरा उघडलेल्या व्हॉल्व्हमधून होडीवरची गरज आरामात भागते. खाली तीच फट अपुरी पडते. त्यात माणूस घाबरून जोरात ओढायला लागला की आणखीच कमी पडते. मग तो वर पळतो, आणि पळताना श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटायला शेवटचे काही मीटरच पुरतात.

क्रम चुकवायचा नाही. आधी माझा ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठी ठेवलेला जादा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं उपकरण), त्यांच्या तोंडात, त्यातून दोन-तीन नीट श्वास, नजरेला नजर. व्हॉल्व्हला हात त्यानंतर. त्याची मूठ डायव्हरच्या उजव्या खांद्यामागे असते आणि घड्याळाच्या उलट फिरवली की उघडते. पाण्यात, आडव्या माणसाच्या पाठीमागून, ही दिशा हमखास चुकते, आणि पाव फेरा चुकीकडे गेला की उरलीसुरली हवाही बंद. मूठ दोन फेऱ्यांहून जास्त फिरली. काकांनी स्वतःचा रेग्युलेटर परत घेतला, चार श्वास घेतले, काटा 160 वर गप्प. तरीही डाइव्ह तिथेच संपवली. सावकाश वर, 5 मीटरवर तीन मिनिटं, मग होडी.

तपासणी तर झाली होती. टाकी जोडल्यावर गेजवर डोळा ठेवून तीन श्वास, काटा स्थिर. त्यानंतर, पाण्यात उडी मारायच्या क्षणी, डुंगीवरच्या (छोट्या होडीवरच्या) पोऱ्याने मदत म्हणून मूठ ‘बघितली’. पूर्ण उघडायची आणि पाव फेरा मागे घ्यायची, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं. त्याने उघडी मूठ बंदच्या दिशेला शेवटपर्यंत फिरवली आणि तिथून पाव फेरा ‘मागे’ घेतली. पोरगा मेहनती आहे, त्याच्यावर राग नाही. राग आहे तो पाव फेऱ्याची ही जुनी रीत अजून शिकवणाऱ्यांवर. आताच्या व्हॉल्व्हला तिची गरज नाही: पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. आणि सीझनमध्ये बारा पाहुण्यांमागे दोन पोरं ठेवली की घाईत कुणाचाही हात कुठेही जातो.

होडीवर तीच टाकी पुन्हा पाव फेरा उघडून बघितली. साध्या श्वासाला काटा जेमतेम थरथरला. रेग्युलेटरचं पर्जचं, म्हणजे हवा सरळ बाहेर सोडणारं, बटण तीन सेकंद दाबून धरलं तेव्हा मात्र 140 वरून 90 वर आला. उघडण्यातला दोष होडीवर पकडायचा तर श्वासापेक्षा हे बटण खात्रीचं. आता प्रत्येक टाकीला ते दाबतो, आणि तेही उडीच्या आधी सगळ्यात शेवटी. त्या सकाळी सुरुवातीच्या तपासणीत बटण दाबलं असतं, तरी काटा हललाच नसता. पोऱ्याचा हात त्यानंतर लागला होता.