पावतीबुक

‘उद्योजकाला लागणारे गुण’ या विषयावर हीरकमहोत्सवी स्मरणिकेत लिहा, असं समितीच्या बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं. वाळपईच्या बाजारात काजूचं दुकान, मागे बिया फोडायची शेड आणि कामाला आठ बायका, एवढाच माझा पसारा. मी म्हटलं, "बाई, उद्योजक म्हणजे कुणी मोठा बघा." त्या म्हणाल्या, "तू शाळेच्या पैशांनी भाजीपाव खाल्ला होतास ना? तेच लिही." म्हणजे ती गोष्ट अजून स्टाफरूममध्ये जिवंत आहे!

साल 1988. गोवा घटक राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि आपल्या शाळेचा रौप्यमहोत्सव. मी नववीत. गणिताच्या सरांनी आम्हा दोघा-दोघांच्या हाती एकेक पावतीबुक दिलं आणि वर्गणीला पिटाळलं. मी भयंकर लाजरा. पहिल्याच पोसरकाराने, म्हणजे दुकानदाराने, मान वर न करता "फाल्यां यो" म्हटलं आणि मी रडवेला होऊन परतलो. सरांनी विचारलं, "नाही म्हणाला का?" "नाही, उद्या ये म्हणाला." "मग वहीत लिही: नाव, वार, काय म्हणाला ते. आणि उद्या जा." त्या पोसऱ्यावर मी सात वेळा गेलो. सातही वेळा सरांनी एवढंच बजावलं की चेहरा पाडून जायचं नाही. आठव्या खेपेला त्याने एक्कावन्न रुपये दिले. वर्गणीत पाच-दहा रुपये पडत, त्या दिवसांतले एक्कावन्न!

आता भाजीपाव. एका दुपारी भूक लागली आणि जमलेल्या पैशांतले दोन रुपये मी खर्च केले. उद्या घरून आणून भरायचे, असा साधा हिशेब. सर संध्याकाळी आमच्यादेखत नोटा दोनदा मोजत, पहिल्यांदा वरून खाली, मग उलट्या. दोन रुपये कमी भरले. ते रागावले नाहीत. स्वतःच्या खिशातले दोन रुपये डब्यात टाकले आणि आपल्या वहीत माझ्या नावावर उधार मांडले. दुसऱ्या दिवसापासून तास सुरू व्हायच्या आधी, भर वर्गात, अगदी गोड आवाजात: "आपले दोन रुपये राहिलेत हं." नऊ दिवस! शेवटी आईजवळ खरं सांगावं लागलं.

माझ्या धंद्याचं शिक्षण म्हणाल तर ते तेवढंच. 1993 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार योजनेखाली मी पुढे कर्ज मागायला गेलो, तेव्हा बँकेत नऊ खेपा झाल्या. माझ्याबरोबर अर्ज केलेले दोघं तिसऱ्या खेपेलाच अपमान समजून घरी बसले. हुशारीत ते माझ्यापेक्षा सरस होते, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी फक्त वहीत वार लिहीत राहिलो.

हॉटेलांना माल घालू लागलो तेव्हा खरी परीक्षा झाली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाच्या खरेदीवाल्याने माल अडवला, म्हणाला, "हा 240 नाही, 320 आहे." काजूगराचा हा आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्याची संख्या, त्यामुळे आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. भांडून काय होणार? तराजूवर 454 ग्रॅम घातले आणि त्याच्यासमोर एकेक गर मोजला. दोनशे बत्तीस भरले. मग सवयीने उलटा मोजला, तो कंटाळून चहा मागवेपर्यंत. त्याच हॉटेलने पुढे पैसे थकवले. दर मंगळवारी जाऊन रिसेप्शनजवळ बसायचो, हसून नमस्कार करायचो. आपल्याकडे उधारी मागायची लाज फार. माल देताना छाती पुढे, आणि स्वतःचेच पैसे मागताना खाली मान! किती चांगले धंदे या लाजेपायी बुडालेले मी पाहिलेत.

सगळं शिकलो होतो असं मात्र नाही. बिया मिळतात फेब्रुवारी-मार्च ते मे. चार किलो बियांतून साधारण किलोभर गर निघतो, आणि वर्षभराच्या बिया याच दिवसांत विकत घेऊन वाळवून ठेवाव्या लागतात. एका वर्षी त्यासाठी ठेवलेले पैसे मी घराच्या स्लॅबला घातले. मे संपला तेव्हा गोदाम अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. पुढे चढ्या दराने बिया घेतल्या आणि त्याही सप्टेंबरात संपल्या. चिकाने हात पोळू नयेत म्हणून राख चोळून बसणाऱ्या त्या बायकांना "काम नाही" असं सांगावं लागलं. भाजीपावच तो, फक्त महाग. तेव्हापासून घराची आणि दुकानाची पेटी वेगळी. बायकोसुद्धा दुकानाच्या पेटीतून घेतलं तर चिठ्ठी टाकते.

धाडसाबद्दल लिहावं अशी समितीची अपेक्षा असावी. पण आमच्या भागात धाडसाला कधी तोटा नव्हता. खनिजाची तेजी होती तेव्हा माझ्या वर्गातल्या किती जणांनी कर्जं काढून ट्रक घेतले! 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि ते ट्रक अंगणात गंजत राहिले. त्यांच्यात गुण कमी होते, असं मला कुणी सांगू नये. माझ्या बियांवर अशी बंदी कधी आली नाही, हा माझा गुण नव्हे.

गेल्या महिन्यात याच स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी नववीतली दोन मुलं दुकानात आली. पैसे गल्ल्यात तयार होते, पण मला राहवलं नाही. मान वर न करता म्हटलं, "फाल्यां यो." दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक असल्याचं निमित्त केलं. तिसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. मुलगी एकटीच आली, वही उघडली आणि म्हणाली, "काका, सोमवारी तुम्ही मंगळवार म्हणालात, मंगळवारी बुधवार. आज बुधवार."

मी पैसे दिले. तिने ते माझ्यासमोर मोजले, एकदाच. मी म्हटलं, "उलटे मोज."