कोळशाची मोटार आणि कोकणातली दमट हवा

१९४१ मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचं तेलही बंद झालं. त्या काळात सर्व्हिस मोटारींना, म्हणजे प्रवासी बसगाड्यांना, पेट्रोलऐवजी कोळशाच्या वायूवर चालवण्यासाठी भट्ट्या लागल्या. या गाड्यांची आठवण निघाली की दोष इंजिनाला दिला जातो. खरं तर गाडी अडायची ती बहुधा ओल्या कोळशाने, नाहीतर हवा घेणाऱ्या एखाद्या सांध्याने.

भट्टीत एका बाजूच्या नळीतून हवा आत येते. नळीच्या तोंडाशी कोळसा जळून कार्बन डायॉक्साइड होतो आणि तोच पुढच्या लाल निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. समोरच्या जाळीतून हा वायू बाहेर पडतो. त्यात निम्म्याहून जास्त नायट्रोजन असतो, म्हणजे निव्वळ ओझं. कामाचा मोनॉक्साइड जेमतेम पंचवीस ते तीस टक्के, शिवाय थोडा हायड्रोजन. म्हणून पेट्रोलवरच्या ताकदीतली तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ताकद गेलीच समजा. हा वायू सावकाश जळतो, तेव्हा ठिणगीचं टायमिंग पुढे घ्यावं लागतं. इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं तर थोडं भरून निघतं. तरीही आंबा किंवा फोंडा घाट चढायचा तर पेट्रोल राखून ठेवलेलं बरं.

एक लिटर पेट्रोलच्या जागी सव्वा ते दीड किलो कोळसा धरा. लिटरला ४ किलोमीटर जाणारी मोटार रत्नागिरीहून कोल्हापूरला, म्हणजे साधारण १३० किलोमीटर न्यायची, तर ४० ते ५० किलो कोळसा लागेल.

कोळसा टणक लाकडाचा, चाळलेला, आवळ्याएवढ्या तुकड्यांचा हवा. भुगा राहिला तर हवेची ओढ तुंबते आणि तुकडे फार मोठे असले तर मधे पोकळी पडून आग एकाच वाटेने पळते. करवंटीचा कोळसा उत्तम, राख कमी, फक्त चपट्या कपच्या एकावर एक बसू नयेत म्हणून फोडून घ्यायच्या. खारफुटीचं किंवा खाऱ्या पाण्यात भिजलेलं लाकूड मात्र नको. मिठातल्या सोडियममुळे राख कमी तापमानाला वितळते आणि नळीच्या तोंडाशी खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतं. तिथे आच १५०० अंशांच्या वर जाते, म्हणून नळीभोवती पाणी खेळवलेलं असतं.

पावसाळ्यात कोळसा नुसत्या हवेतूनही ओल धरतो. किंचित पाणी चालतं, त्यातून हायड्रोजन मिळतो. जास्त झालं की निखारा थंडावतो, वायू पातळ होतो आणि वायू गाळणाऱ्या फिल्टरमध्ये पाणी साठतं. तेव्हा पोती जमिनीपासून वर, चुलीच्या उबेला ठेवायची आणि फिल्टरखालचा कॉक रोज उघडायचा.

पेटवताना क्लीनर नळीशी रॉकेलचा बोळा धरून भट्टीतून हवा ओढणाऱ्या पंख्याचं हँडल पाच-दहा मिनिटं फिरवतो. चाचणीच्या कॉकला काडी लावल्यावर निळसर ज्योत न विझता टिकली की वायू तयार. इंजिन पेट्रोलवर चालू करून हळूहळू वायूवर आणायचं. वायू आणि हवा जवळपास सारखी लागते, पण प्रमाण सतत बदलतं, म्हणून ड्रायव्हरचा एक हात हवेच्या लिव्हरवर असतो. खाडीवर तरीची वाट बघत गाडी उभी राहिली की आग बसते आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा पंखा. लांब उताराचंही तेच.

इंजिन चालू असताना सगळ्या वाटेत ओढ असते. सांधा सुटला तर वायू बाहेर येत नाही, हवा आत शिरते आणि वायू पाइपातच जळतो. पाइपाचा रंग एका ठिकाणी पोळलेला दिसला तर दोष तिथेच किंवा जरा मागे. तपासणी भट्टी गार असताना करायची: नळीला बूच, पंखा चालू, प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती. धूर आत ओढला गेला की ॲस्बेस्टॉसची दोरी बदला (आज करणाऱ्याने काचतंतूची वापरावी).

इंजिन थांबलं की उलटं होतं, वायू बाहेर झिरपतो. मोनॉक्साइडला वास नाही. डोकं जड होणं, मळमळणं एवढीच सूचना, आणि तीही उशिरा. म्हणून गाडी बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये कधीच लावायची नाही. वाटेत कोळसा भरताना इंजिन बंद करायचं, थोडं थांबायचं आणि झाकण बाजूला उभं राहून, तोंड फिरवून उघडायचं. आत हवा शिरताच भडका उडू शकतो. रात्री नळीला बूच मारलं की आग गुदमरते आणि उरलेला कोळसा सकाळी चालतो. राख काढायची ती भट्टी पूर्ण गार झाल्यावरच.